तक्रारीचा तास

शाळेचं वेळापत्रक मी करतो. गेली अठरा वर्षं. मोठा पांढरा कागद, शिसपेन्सिल, खोडरबर आणि आतून लावलेलं दार, एवढ्यावर भागतं. मी गणित शिकवतो, पर्यवेक्षकही आहे, पण शाळेत मला जो काही मान आहे तो वेळापत्रकामुळे. शेवटचा तास कुणाच्या गळ्यात मारायचा हे माझ्या हातात असतं ना. तो टाळण्यासाठी लोकांची पाठ धरते, सासू आजारी पडते, एका सरांची तर दर वर्षी त्याच आठवड्यात दाढ दुखते.

म्हणून नव्या इंग्रजीच्या बाई रुजू झाल्या त्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सर, नववी 'ब'चा शेवटचा तास मला मिळेल का?", तेव्हा मला थट्टाच वाटली.

"कुठल्या वारी?" मी विचारलं.

"रोज. चालेल ना?"

चालेल ना म्हणजे काय. बाईंचं मन बदलायच्या आत मी पेन्सिलीने चौकटी भरून टाकल्या. म्हटलं, महिन्याभरात रडत येतील, तेव्हा सांगू की वेळापत्रक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नवीन शिक्षिका म्हटल्यावर आमच्याकडे कॉलेजातून नुकतीच सुटलेली पोर येते. या बाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी पंखे आणि मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार कक्षात फोन घेतले होते. दिवसाला सत्तर-ऐंशी माणसांची बोलणी खायची आणि प्रत्येकाला सांगायचं, आपली तक्रार नोंदवली आहे. लेक बारावीला होती त्या वर्षी या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना अभ्यासाला बसायच्या आणि जी आधी पेंगेल तिने चहा करायचा, असा ठराव होता. बाईंनीच जास्त वेळा चहा केला म्हणे. पुढे बी.एड. झालं आणि त्याच सुमाराला कंपनीने तक्रार कक्ष बंद करून टाकला.

"तिथे आता मशीन बोलतं, सर," बाई म्हणाल्या. "एक दाबा, दोन दाबा. परत जायला जागाच नाही."

आमच्याकडे पहिलं वर्ष करारावर असतं. वर्षाच्या शेवटी अहवाल लिहिला जातो, त्यावर कायम करायचं की नाही ते ठरतं. बाईंना कायम केलं नसतं, तर वयाच्या अटीमुळे दुसऱ्या कुठल्या शाळेने त्यांना दारातही उभं केलं नसतं. हे त्यांनी मला रडगाणं न गाता, डबा खाता खाता सांगितलं. अहवाल मीच लिहिणार होतो, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

महिना झाला तरी बाई रडत आल्या नाहीत. उलट नववी 'ब'मधून शेवटच्या तासाला आवाज यायला लागला. शिपाई येऊन सांगून गेला, "सर, त्या वर्गात पोरं इंग्रजीत भांडतात."

मी व्हरांड्यातून हळूच पाहिलं. एक मुलगा उभा राहून तावातावाने सांगत होता की बेंचचा खिळा त्याची पँट फाडतो. इंग्रजी असं की त्यात खिळाच पँट घालून बसलाय की काय असं वाटावं. बाई टेबलाशी बसून कार्बन घातलेल्या लांबट वहीत लिहून घेत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, "सिन्स व्हेन?"

त्याला त्या तक्रारीचा तास म्हणायच्या. नियम फोनवरचेच होते. आधी आपण कोण ते सांगायचं, मग काय बिघडलंय, मग कधीपासून, आणि शेवटी तुम्हाला काय हवंय. सगळं इंग्रजीत, कसंही, पण शिवी नाही. चौथ्या प्रश्नापाशी पोरं अडकायची.

"मोठी माणसंही तिथेच अडकतात," बाई मला म्हणाल्या. "दहा मिनिटं बोलतील, पण काय हवंय म्हटलं की गप्प."

"मग हे सकाळच्या तासाला करा की."

"सकाळी कुणाची तक्रार नसते, सर. दिवसभर साचतं. आमच्याकडे फोनसुद्धा संध्याकाळी जास्त यायचे."

पोरांनी त्यांचं नाव तक्रारबाई ठेवलं. बाईंना ते आवडलं. मला मात्र हे सगळं उगाच खाजवून खरूज काढणं वाटत होतं. इंग्रजी म्हणजे धडा, शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरं, अशा समजुतीत मी आयुष्य काढलेलं.

आणि झालंही तसंच. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. ती तक्रार नोंदवली गेली, एक चिठ्ठी आमच्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेली आणि तिथे फायलीखाली पडून राहिली. बाईंनी वर्गाला सांगून ठेवलं होतं की आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर एक पायरी वर जायचं. पोरींनी ते मनावर घेतलं. थेट संस्थेच्या अध्यक्षांना इंग्रजीत पत्र. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या.

"शुक्रवारी त्यांच्या तासाला बसा आणि अहवाल लिहा," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "तुम्ही लिहाल त्यावर मी सही करीन. पण अशी माणसं शाळेला झेपत नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं सगळं त्या एका तासावर."

"धडा घ्या," मी म्हटलं. खरंच त्यांच्या भल्यासाठी म्हटलं.

शुक्रवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. बाई आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर ती लांबट वही ठेवली. धडाबिडा काही नाही. माझ्यामुळे पोरं मूग गिळून बसली होती. दोन-तीन तक्रारी जेमतेम आल्या. पंखा कुरकुरतो. बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबते. मग खिडकीजवळची मुलगी उभी राहिली.

ही मुलगी गणितात माझ्या लेखी ढ होती. वर्षभरात तिने माझ्या तासाला तोंडातून ब्र काढला नव्हता. वही कायम अर्धवट. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' असा शेराही मारला होता.

तिने हजेरी क्रमांक सांगितला. सत्तावीस. आणि मग ती सावकाश, एकेक शब्द जुळवत इंग्रजीत जे म्हणाली ते असं, की गणिताचे सर उजव्या हाताने लिहितात आणि डाव्या हाताने पुसत जातात. माझं लिहून होत नाही.

माझे कान तापले. मला वाटलं, बाई आता तिला खाली बसवतील. कुणीही बसवलं असतं. मीच बसवलं असतं. ज्याच्या हातात आपली नोकरी, त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्यासमोर नोंदवून घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वहीत लिहिलं आणि विचारलं, "सिन्स व्हेन?"

"फर्स्ट डे."

"अँड व्हॉट डू यू वॉन्ट?"

पोरगी अडकली. खाली बाकाकडे बघत राहिली. बाई थांबल्या. त्यांनी तिला शब्द पुरवला नाही की घाई केली नाही. फोनवर एकोणीस वर्षं थांबलेलं माणूस कसं थांबतं ते मी तेव्हा पाहिलं.

"टू मिनिट्स," मुलगी म्हणाली. "आय वॉन्ट टू मिनिट्स."

बाईंनी चिठ्ठी फाडली, चालत माझ्या बाकापाशी आल्या आणि माझ्यापुढे ठेवली. तक्रार क्रमांक एकशे त्रेचाळीस.

मी घरी आलो तो फणफणतच. बायकोला सगळं सांगितलं. "काल आलेली बाई, आणि मला चिठ्ठी देते. तीस वर्षं शिकवतोय मी."

बायको भाजी चिरत होती. "बरोबरच आहे तिचं."

"काय बरोबर?"

"तुम्ही घरीही तेच करता. माझं अर्धं बोलणं झालं की 'बरं' म्हणून उठता. पुसलंच की ते."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. अर्धं," ती म्हणाली आणि हसली. मी उठणार होतो, तो परत खाली बसलो आणि ती भाजी, नळ, तिची मैत्रीण, सगळं शेवटपर्यंत ऐकलं. बराच वेळ लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बरंही वाटलं.

शनिवारी मी अहवाल लिहिला. तीन पानांचा छापील नमुना आहे, त्यात माझे ठरलेले शब्द असतात, समाधानकारक, प्रयत्नशील वगैरे. या वेळी खाली लिहिलं की जी मुलगी माझ्याशी वर्षभर एक शब्द बोलली नाही, ती यांच्या तासाला परक्या भाषेत माझी चूक सांगू शकली, आणि ती चूक खरी आहे. बाईंना कायम करावं. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तुम्हीच तुमच्याविरुद्ध लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो. सही करा."

त्यांनी केली. मग हळूच पुस्तीही जोडली, "कडीचं मी आधीच बघायला हवं होतं."

सोमवारी मी नववी 'ब'वर गेलो, फळा भरला, डस्टर टेबलाच्या खणात ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. रिकामी दोन मिनिटं फार मोठी असतात. करण्यासारखं काही नसल्यामुळे मी वर्गाकडे बघितलं. खिडकीजवळची मुलगी भराभर लिहीत होती. तिचं अक्षर सुरेख आहे, हे मला वर्षाच्या शेवटी कळलं.

कायम झाल्याचं पत्र घेऊन बाई मला भेटायला आल्या. डोळे भरलेले होते. लेकीला फोन केला तर तीच रडायला लागली म्हणाल्या. "सर, तुमचे उपकार..."

"ते राहू द्या," मी म्हटलं. "माझी तक्रार बंद झाली का, ते सांगा."

तक्रार बंद करायची तर तक्रार करणाऱ्याचीच सही लागते, हा त्यांचा पाचवा नियम. बाईंनी डोळे पुसले, वही उघडली, एकशे त्रेचाळीसवर बोट ठेवलं.

"नाही, सर. मी तिला विचारलं. ती म्हणाली, अजून पंधरा दिवस बघते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघ म्हटलं," बाई म्हणाल्या.