टेकडीवरचे पेशंट

गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत. होता तो माळी. नव्या रस्त्याच्या आड येणारी झाडं तोडायची नाहीत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायची आणि जगवायची, असा कायदा होता. जगवायचं काम कंत्राटदाराने त्याच्या गळ्यात घातलं. शहराबाहेरच्या मुरमाड टेकडीवर क्रेनने आणलेले बुंधे ओळीने उभे केले होते. डॉक्टरने जिवाचं रान केलं. खत घातलं, टँकर मागवले, बुंध्यांना ओली गोणपाटं गुंडाळली. पण उन्हाळा सरला तरी एकालाही पालवी फुटली नाही.

"एक तरी पेशंट वाचला का हो तुमचा?" बायको विचारायची.

अशात कोर्टाने नेमलेली समिती पाहणीला येणार असं कळलं आणि कंत्राटदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"टेकडी हिरवीगार दिसली पाहिजे," तो म्हणाला. "खालच्या बागेतल्या फांद्या आण आणि बांध."

"साहेब, त्यासाठी जिवंत झाडं छाटावी लागतील."

"मग छाट! पर्यावरणासाठी एवढंही होत नाही तुझ्याच्यानं?"

डॉक्टर मुकाट्याने कामाला लागला. तारेने फांद्या बांधताना मेलेल्या माणसाचा भांग पाडतोय असं त्याला वाटत होतं.

समिती आली. अध्यक्ष लांबूनच "वा, वा" करत होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी मात्र पानाला हात लावला आणि अख्खी फांदीच हातात आली.

"पानगळ सुरू आहे, मॅडम," कंत्राटदार म्हणाला.

बाई डॉक्टरकडे वळल्या. "तुम्ही सांगा. जगलंय हे झाड?"

कंत्राटदार डोळे वटारून बघत होता. तरी डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो बाई. सगळीच गेलीत. मुळं तोडूनच आणली होती."

संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. बायकोने कपाळाला हात लावला, मग चहा टाकला.

कोर्टाने कंत्राटदाराला चांगलंच फैलावर घेतलं आणि शिक्षा सुनावली: सगळी झाडं पुन्हा लावा, तीही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. मोकळी जागा म्हणजे तीच टेकडी. अनुभवी माणूस शहरात एकच.

कंत्राटदार हसतमुखाने दारात आला. "डॉक्टर, झालं गेलं विसरा."

"येतो. पण रोपं मी आणणार, वीतभर उंचीची. आणि रस्त्यातली उरलेली झाडं जागची हलवायची नाहीत."

"रोपं मंजूर," कंत्राटदार म्हणाला. "झाडांचं म्हणाल, तर ती परवाच हलवली."

डॉक्टरने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र कुदळ घेऊन तो टेकडी चढला आणि वाळक्या बुंध्यांमधल्या जागेत खड्डे खणू लागला.