शिकेकाईचा डबा

आमच्या घरात कडीचा एक स्टीलचा डबा आहे. तो आमचा की थोरल्या जाऊबाईंचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. झाकणावर नाव कोरलेलं होतं, ते घासून घासून गेलं. लग्न होऊन मी भोरला आले तेव्हापासून हा डबा भोर आणि हिर्डोशीच्या वरची एक वाडी यांच्यामध्ये एसटीने फिरतो आहे. कारण अगदी साधं आहे. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. दोन्ही घरांनी हा नियम पाळला तर डबा कधीच थांबणार नाही, हे मला, शाळेत विज्ञान शिकवणारीला, पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता आणि खरं सांगायचं तर सवयही झाली होती.

थोरले दीर आणि जाऊबाई वाडीवर राहिले, भात आणि नाचणी करत. नवऱ्याला भोरच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही खाली आलो. मी जाऊबाईंना आक्का म्हणते. जावा-जावा उभा दावा, असं म्हणतात. आमचा दावा कधी उभा राहिला नाही, पण बसलाही नाही. त्या मला शिकलेली म्हणून चिडवायच्या आणि मी त्यांना चिडवण्याइतकी कधी धीट झाले नाही.

पहिल्या दिवाळीला त्यांनी डब्यातून नवे तांदूळ पाठवले. मी हौसेने त्याच तांदळाचे अनारसे केले. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वहीत लिहिलं होतं तसं सगळं केलं. तेलात सोडल्याबरोबर एकेक अनारसा हसला, म्हणजे फुटून कढईभर पसरला. मी रडायच्या बेतात होते. आक्कांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नव्या तांदळाचं अनारसं करतंय व्हय कुणी? त्येला जुनाच तांदूळ लागतो बाय. कसली सायन्सची बाई तू!" हे वाक्य त्यांनी मला पुढे किमान वीस वर्षं ऐकवलं.

माझी ती वही अजून आहे. लोकांनी सांगितलेल्या युक्त्या मी तिच्यात लिहीत आले. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकाव्यात, मुंग्या येत नाहीत. तेलकट बरण्यांना गरम पाणी आणि खायचा सोडा. घारग्यांसाठी लाल भोपळा किसून गुळाबरोबर शिजवावा आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घालावी, पाणी अजिबात नको. चेहऱ्याला साय आणि हळद. यातल्या जवळजवळ सगळ्या मी करून पाहिल्या आणि समोर बरोबर किंवा चूक अशी खूण केली. साय-हळदीसमोर चूक आहे. मी होते त्याच रंगाची राहिले.

पण एक गोष्ट मला खरोखर चांगली जमायची, ती शिकेकाई. ती माझ्या आईची. माझं माहेर पानशेतच्या अलीकडे, तिथल्या रानातल्या शेंगा उन्हाळ्यात पोत्यात भरून यायच्या. ऑक्टोबरचं ऊन कडक झालं की मी त्या गच्चीवर पसरायची. त्यांच्या चौथाईने रिठे, बी काढून. तितकीच आवळकाठी. मूठभर मेथ्या, जास्वंदीची वाळलेली फुलं, संत्र्याची सालं, आणि नागरमोथा. सगळं खडखडीत वाळलं की गिरणीत. आमचा गिरणीवाला शिकेकाई फक्त सोमवारी दुपारी दळतो, कारण त्यानंतर अर्धी आळी शिंकते. मी नाकाला रुमाल बांधून उभी राहायची आणि तरीही घरी येईपर्यंत डोळे लाल व्हायचे. घरच्यांना वाटायचं, माझं कुणाशी तरी भांडण झालंय.

नागरमोथ्यावरून आक्का फार हसल्या होत्या. भाताच्या बांधावर तण म्हणून उपटून फेकतात तोच तो. "आमी जे उपटून टाकतो ते तू डोक्याला लावतीस?" असं म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी डब्यात पोह्यांच्या वर एक पुरचुंडी आली. आत नागरमोथ्याच्या गाठी, धुऊन, मुळ्या काढून, वाळवून. मग दरवर्षी यायला लागल्या.

एका दसऱ्याला त्या भोरला आल्या होत्या. माझ्या गच्चीवर त्यांनी केस धुतले आणि पाठ उन्हाला करून बसल्या. तसे केस मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. कमरेच्या खाली, आणि एका हातात मावायचे नाहीत. एवढ्या अंबाड्यावर पाटी घ्यायला चुंबळ कशाला हवी, असं वाडीतल्या बायका त्यांना म्हणायच्या. एरवी त्या स्वतःकडे लक्ष देणाऱ्यातल्या नव्हेत. पावडरसुद्धा कधी लावली नाही. पण केसांचं कुणी काढलं की गप्प बसून ऐकायच्या. त्या दिवशी वाळलेले केस हातात धरून म्हणाल्या, "ही बरी हाय." माझ्या एकूण संसारात त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक. त्यानंतर दर दिवाळीला डब्यात तळाशी त्यांच्यासाठी शिकेकाई आणि वर चकल्या-करंज्या जायला लागल्या.

गेल्या वर्षी त्या नेहमीसारख्या दसऱ्याला आल्या नाहीत. दिरांचा फोन आला, की एक गाठ होती, पुण्याला नेऊन काढली, साधंच होतं. कसली गाठ, कुठे, असं मी विचारलं तेव्हा त्यांना कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. मी नवऱ्याला म्हटलं, जाऊन येऊ. तो म्हणाला, भाताची कापणी आहे, आत्ता नको म्हणतात. मला शंका यायला हवी होती. आली नाही. शाळेत सहामाही परीक्षा चालू होती.

दिवाळीला मी डबा भरला. आक्का आजारी होत्या म्हणून त्या वर्षी फराळ कमी आणि शिकेकाई दुप्पट. वर एक चिठ्ठी ठेवली. मला चिठ्ठ्या लिहायची खोड आहे. चिठ्ठीत लिहिलं: 'आक्का, आजारपणानंतर केस गळतात. घाबरू नका. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात कालवून मुळांना चोळा. लगेच फरक पडतो.'

डबा परत आला नाही. तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष लागला, डबा नाही. फोन केला की पुतणी, आक्कांची लेक, उचलायची, आई रानात गेलीय म्हणायची. मला हळूहळू राग यायला लागला. फराळ कमी पाठवला म्हणून रुसल्या असतील. धाकट्या जावेने थोरलीला सल्ले द्यावेत हे पटलं नसेल. उन्हाळ्यात मी वाडीवर दोनच दिवस राहिले होते, तेही निघालं असेल. अशी मी एकेक कारणं काढत गेले आणि प्रत्येकाला मनात उत्तरंही तयार केली. शेवटी एका रविवारी सकाळच्या एसटीने एकटीच निघाले. नवऱ्याला सांगितलं, डबा आणायला जाते.

एसटी हिर्डोशीपर्यंतच गेली. पुढे चाललं. खाचरं मोकळी झाली होती, पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या. वाटेत मी भांडणाची पहिली दोन वाक्यं पाठ केली.

आक्का पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. भर दुपारची वेळ, अंगणात चांगलं ऊन, आणि डोक्यावर दिरांची लोकरीची कानटोपी. मला हसू आलं. मी पाठ केलेलं विसरले आणि म्हटलं, "काय आक्का, एवढी थंडी वाजते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

डोक्यावर एकही केस नव्हता. भुवयाही नव्हत्या. त्यांचं डोकं इतकं लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. कोणती गाठ आणि कोणतं औषध, ते मला एका क्षणात कळलं, आणि त्याच्याच पाठोपाठ चिठ्ठी आठवली. लगेच फरक पडतो. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. मी त्यांच्याशेजारी पडवीत बसले.

"तुझा डबा आला," आक्का म्हणाल्या, "त्याच सकाळी शेवटचं केस उशीवर ऱ्हायलं हुतं. चिठ्ठी वाचून पयला लई राग आला. मग हसू आलं. मग म्हनलं, एवढी चांगली वस्तू वाया कशाला घालवा?"

त्यांनी हनुवटीने घराच्या आत दाखवलं. फळीवरचे पितळेचे डबे, हंडा, समई, तांब्याची घागर, सगळं झगझगीत होतं. वर्षानुवर्षं काळी पडलेली ती भांडी मी कधी अशी पाहिली नव्हती.

"चिंचंपरीस बरी निघत्यात. हाताला बळ आसंल त्या दिवशी एकेक घासलं. लिव्ह तुझ्या वहीत."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"पोरीचं जमायचं हाय. आयला आसं झालंय म्हनल्यावर कोन दारात यील? घरातल्या तिघांशिवाय कुणालाच सांगितलं न्हाई. तुझ्या नवऱ्याला बी न्हाई."

"मी कुणाला सांगितलं असतं?"

"तू न्हाई सांगितलं. तुझ्या त्वांडावर दिसलं असतं. आन् तू शिकलेली. समदं नीट समजावून सांगितलं असतंस. किती दिवस, किती टक्के. मला ऐकायचं नव्हतं."

मी तसंच केलं असतं. मी निघाले तेव्हा त्यांनी लेकीकडून डबा भरून घेतला, नव्या भाताचे पोहे. वर नागरमोथ्याची पुरचुंडी नव्हती.

वैशाखात पुतणीचं लग्न झालं. तोवर उपचार संपले होते. आक्का मांडवात डोक्यावरून पदर घेऊन, तो चापाने बसवून फिरत होत्या. पदराखाली काय आहे, ते मी पाहिलं नाही. नवऱ्यामुलाकडच्या बायका म्हणाल्या, मुलीची आई फार मर्यादेची आहे. आक्कांनी लांबून माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू दाबायला पाण्याच्या पिंपाकडे जावं लागलं. पावसाळ्याच्या आधी मी डब्यातून लोणचं पाठवलं. मग पाऊस लागला, घाटाकडच्या गाड्या बंद पडल्या आणि डबा वरच राहिला.

या वर्षी ऑक्टोबर आला, ऊन पडलं, आणि शेंगांचं पोतं मी जिन्याखालून काढलंच नाही. शिकेकाई करावी आणि पाठवावी, तर टोचल्यासारखं होईल. न पाठवावी, तर केसांची आशा मीच सोडली असा अर्थ निघेल. फोनवर विचारायची हिंमत झाली नाही. त्या बऱ्या आहेत की नुसत्या बरी आहे म्हणतात, हेही मला आता खात्रीने सांगता येत नव्हतं. एकदा फसलेय. गिरणीवाल्याने दोनदा आठवण केली. मी म्हटलं, यंदा शेंगा आल्या नाहीत.

घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी वाडीतला एक जण मोटारसायकलवरून बाजाराला आला आणि दारात डबा देऊन, "आक्कानं दिलाय" म्हणून गेलासुद्धा. डबा हातात घेतला आणि कळलं, रिकामा आहे.

इतक्या वर्षांत तो रिकामा कधी आला नव्हता. त्या आजारी असतानाही पोहे घातल्याशिवाय त्यांनी तो दिला नव्हता. ज्या बाईला मूठभर पोहे घालणं होत नाही, तिचं काय झालं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी उंबऱ्यातच बसले. मग झाकण उघडलं.

आत एक कागद होता. माझीच गेल्या वेळची चिठ्ठी. घड्यांवर विरलेली, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. मागच्या बाजूला पेन्सिलीने आक्कांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'चार बोटं आल्यात. निम्माच भर.'

मी रडले, आणि बराच वेळ रडले. मग जिन्याखालचं पोतं ओढत गच्चीवर नेलं. सोमवारी गिरणीत उभी होते तेव्हा डोळे आधीच लाल होते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

डबा मी निम्मा भरला नाही. काठोकाठ भरला. झाकण बसेना, तेव्हा सुतळीने बांधला आणि सकाळच्या एसटीत ठेवला.