हलणारी खाट

दवाखान्यात पोट तपासायच्या दुर्बिणीची नळी ज्या औषधात बुडवून ठेवतात, त्याचा उग्र वास आला की मला आमचं लातूरचं पत्र्याचं घर आठवतं. भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या वडिलांचं, आबांचं, लिव्हर आकसलेलं, त्यात रक्ताची उलटी झाली, म्हणून डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा बांधल्या. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं, "अशा पेशंटला यातून जंतुसंसर्ग लवकर होतो. थंडी वाजली तर लगेच आणा." दुसऱ्या दिवशी दुपारी मी आबांच्या खाटेला टेकून पेंगत होतो आणि शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारी क्लासची पोरं मोठ्यानं पाठांतर करत होती. एकाएकी खाट गदागदा हलायला लागली. आई ओरडली, "हालायलंय! पळा बाहेर!" त्या दिवसांत कुणी खात्री करत बसत नसे, पोरांसकट सगळे अंगणात आलो. बाहेर शेळी निवांत पाला खात होती. आई पुटपुटली, "जमीन तर हालंना." आतून मात्र खाटेची करकर येतच होती. आत धावलो, तर मागं राहिलेले आबा हुडहुडीनं थरथरत होते. पुन्हा दवाखान्यात नेलं, पण ते परत आले नाहीत. अजूनही इकडं अधूनमधून जमीन हलते. सगळे बाहेर पळतात. मी आधी आत कुणी झोपलंय का, ते बघतो.