चपला काढल्या का?

परभणीच्या माणसाला डोंगर पाहायचा असेल तर पहाटे साडेचारला उठावं लागतं. इथली जमीन पाटासारखी सपाट. जिंतूरकडे थोडी टेकाडं आहेत, पण उंचावरून पडणारं पाणी पाहायचं तर पाथरी, माजलगाव, बीड मागे टाकून बालाघाट चढावा लागतो. पावसाळ्याचे तीन महिने दर रविवारी सिताराम भाड्याची मंडळी घेऊन हा रस्ता करतात. वय चौपन्न. पांढरी क्रूझर त्यांची स्वतःची, मागच्या काचेवर निळ्या रंगातलं धम्मचक्र.

बीड सुटलं, मांजरसुंब्याचा घाट समोर दिसायला लागला की मागून ठरलेला प्रश्न येतो.

“भाऊ, चपला काढल्या का?”

“काढल्या की.”

मग गाडीतली माणसं सैल बसतात. डबे उघडतात.

हा प्रश्न राजेश्वर यांचा. त्यांचं परभणीत हार्डवेअरचं दुकान आहे आणि रविवारची मंडळी तेच जमवतात. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा ते सिताराम यांच्या गाडीत बसले, तेव्हा एका अरुंद वळणावर समोरून खडी भरलेला ट्रक आला. गाडी चढावर उलटी, मागे मागे घ्यावी लागली. राजेश्वर पुढच्या सीटवर होते. त्यांनी खाली पाहिलं तर ड्रायव्हरचे पाय उघडे, बोटं पेडलवर पसरलेली. गाडी वीतवीत मागे सरकत होती. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगतात, घाटात जायचं तर अनवाणी ड्रायव्हर पाहिजे.

अनवाणी चालवणं सिताराम यांना सटवाजी उस्तादांनी शिकवलं. परभणी-जिंतूर रस्त्यावर सटवाजींची काळीपिवळी होती आणि सिताराम तेव्हा बावीस वर्षांचे होते. सटवाजी म्हणायचे, “क्लच किती सुटलाय ते डोळ्याला दिसत न्हाई, कानाला उशिरा कळतंय. तळपायाला आदी कळतंय. जोडा घातला की तू बहिरा.” सिताराम यांनी ते मानलं. पुढे तीस वर्षं खडी, चिखल, डांबर, ब्रेकची झीज, इंजिनाची थरथर, सगळं त्यांना तळपायातून कळत गेलं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी जिंतूर नाक्यावर ते गाडीतून उतरून हॉटेलापर्यंत चालत गेले. चहा मागितला. हॉटेलवाला हसायला लागला. “एक चप्पल कुनाला दान केली, सितारामभाऊ?” त्यांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती मागे रस्त्याच्या मधोमध पडली होती. ते परत गेले, चप्पल घातली, येऊन चहा प्यायले. चहा बरा होता.

साखरेचा आजार जुनाच होता. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि ते नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळपायाला लावत गेले. लागलं की ‘हं’ म्हणा. सिताराम यांना काहीच लागत नव्हतं. पण डॉक्टर खुर्चीत पुढे वाकले की खुर्ची कुरकुरायची. खुर्ची वाजली की सिताराम ‘हं’ म्हणायचे. मधे एकदा डॉक्टर नुसतेच वाकले, दोरा लावलाच नाही. सिताराम ‘हं’ म्हणाले. डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला.

“पाय बधिर झालेत,” ते म्हणाले. “आता घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. आणि गाडी चालवायचं काय ते बघा.”

बधिर हा शब्द सिताराम यांनी आजवर एका शाळेच्या पाटीवरच वाचला होता. मूकबधिर मुलांची शाळा. कानाचा शब्द पायाला लागतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी कापडी बूट घेतले. सोमवार ते शनिवार गावातल्या गावात ते बूट घालून चालवायचे. घरी सांगितलं, पायाला जरा कमी लागतं, आता कायम बूटच घालतो. डॉक्टर गाडीबद्दल जे बोलले ते सांगितलं नाही. आणि रविवारी घाट आला की मागून प्रश्न यायचा. बूट पायात असते तर का, असं कुणीतरी विचारलं असतं. ते बूट काढायचे.

चालवायचं ते कानानं. इंजिनाचा सूर चढला की एवढा, उतरला की तेवढा. गुडघा किती वाकला यावरून पाय कुठे आहे ते ओळखायचं. सरळ रस्ता लागला की पटकन खाली पाहून घ्यायचं. दोन वर्षांत गाडीला कुठे खरचटलंदेखील नाही.

बधिरपणा पायांतच राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. बायको सगुणाबाई रोज संध्याकाळी त्यांचे तळवे उजेडात धरून पाहायच्या. काटा, काच, भाजलं, फोड. पाहता पाहता बोलायच्या. धाकट्या भावाच्या पोरीचं लग्न जमलं. नळाला चार दिवसांनी पाणी आलं. भाजीत मीठ जास्त झालं का?

“बरं हाय.”

“तुमाला कायबी इचारलं की बरं हाय,” सगुणाबाई म्हणायच्या. “उद्या घर जळालं तर म्हनसाल, ऊब बरी हाय.”

ते हसायचे. हसायच्या जागा त्यांना पाठ होत्या.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी राजेश्वर यांच्या मंडळींतलं एक माणूस आजारी पडलं आणि सीट रिकामी राहिली. राजेश्वर यांच्या पत्नी शिवरंजनी यांनी फोन करून सांगितलं, “पोरीला घेऊन या हो भाऊ, तिनं कुठं बघितलाय धबधबा.” पोरगी म्हणजे धम्मशीला. चोवीस वर्षांची. परभणीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. बापानं तिला मोकळ्या माळावर क्रूझर शिकवली होती, तीही चपला काढायला लावून. जिंतूरपर्यंत ती बऱ्याचदा गाडी घेऊन गेली होती. घाटात मात्र कधी नाही.

ती पुढे, बापाशेजारी बसली. बीड गेलं. प्रश्न आला. सिताराम यांनी बूट काढून सीटखाली सरकवले आणि म्हणाले, “काढल्या की.” धम्मशीलानं बुटांकडे पाहिलं, मग पायांकडे. घाट चढून होईपर्यंत तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही.

कपिलधारला मंडळींनी दर्शन घेतलं आणि गाडी पुढे सौताड्याला गेली. दरीत पायऱ्या उतरून जावं लागतं. वरून पाणी एका धारेत खाली येत होतं. ते मधेच फुटायचं, त्याचा धूर व्हायचा, आणि तो धूर झाडांवर बसायचा. राजेश्वर यांची मंडळी ओरडत पाण्यात शिरली. एरवी सिताराम वर गाडीपाशी थांबायचे. आज धम्मशीला म्हणाली, “चला पप्पा,” म्हणून ते बूट घालून उतरले आणि कडेच्या एका दगडावर बसले. बूट काढून पाय पाण्यात सोडले. ती शेजारी बसली.

“थंड हाय का?”

“लय थंड हाय,” ते म्हणाले. समोर शिवरंजनी पदर आवळून कुडकुडत होत्या. त्यावरून त्यांना ते कळलं होतं.

बराच वेळ दोघं धबधब्याकडे पाहत राहिले. पाणी गढूळ होतं, चहासारखं. त्यात पाय दिसत नव्हते.

“पप्पा, माझा पाय कुठंय?”

“पान्यात.”

“पान्यात कुठं?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं आपला पाय हळूच पाण्याबाहेर काढला. त्याच्याबरोबर त्यांचा पाय जरासा हलला. इतका वेळ तिचा पाय त्यांच्या पायावर होता.

“बसल्यापासून ठिवला होता,” ती म्हणाली. “दाबला पन.”

सिताराम यांनी मान हलवली. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं असावं, तशी. “मम्मीला नको सांगू,” ते म्हणाले.

“मम्मीचं सोडा. घाटात बारा माणसं असतात.”

“दोन वर्षं झाली. काय झालं का?”

बापाचे पाय तिनं आपल्या ओढणीनं पुसले, बोटांच्या बेचक्यांतून नीट, आणि बूट घातले. लेसची गाठ किती आवळली तेही त्यांना पाहूनच कळलं.

परतताना घाटाच्या माथ्यावर मंडळी भजी खायला थांबली. ऊन गेलं होतं, खाली बीडच्या बाजूला ढगांची सावली पसरली होती. सगळे परत गाडीत बसले. ओले कपडे, केळ्यांची सालं, कुणाचा तरी ओला मोजा वाळायला खिडकीत. मागून आवाज आला.

“उतार हाय आता. भाऊ, चपला काढल्या का?”

सिताराम यांनी बूट काढले. इंजिन चालू केलं. ब्रेकवर पाय ठेवून दाबला. गाडी जागच्या जागी ओरडली.

मागे कुणाला काही वाटलं नाही. गाडी तापवायलेत, असं समजले असतील. सिताराम यांनी खाली पाहिलं. पाय अ‍ॅक्सिलेटरवर होता. त्यांनी तो उचलून ब्रेकवर ठेवला आणि पुन्हा पाहिलं. मग समोर पाहिलं. रस्ता दहा पावलांवर वळत होता आणि वळणाच्या पलीकडे नुसतं आभाळ होतं. भीती वाटायला हवी, असं त्यांच्या मनात आलं. ती आली नाही. भीतीची वाट पाहण्यात अर्थ नाही, एवढंच त्यांना कळलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. दार उघडून खाली उतरले, फेरी मारून दुसऱ्या बाजूला आले आणि किल्ली धम्मशीलाच्या मांडीवर ठेवली.

“काय झालं, भाऊ?” राजेश्वर म्हणाले.

“माझे पाय बधिर झालेत. दोन वर्षं झाली. काय लागत न्हाई पायाला.”

राजेश्वर सीटवरून अर्धे उठले.

“मग दोन वर्षं तुमी आमाला…” राजेश्वर थांबले. “दर आईतवारी मी इचारायलोय तुमाला.”

“तुमी चपला काढल्या का ते इचारत होता,” सिताराम म्हणाले. “म्या काढत होतो.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. राजेश्वर खिडकीतून बाहेर पाहायला लागले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“माजी नात बसतीय या गाडीत,” ते खिडकीकडेच पाहत म्हणाले.

“व्हय.”

धम्मशीला सरकून ड्रायव्हरच्या जागेवर बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. सिताराम तिच्या जागेवर बसले. हातात किल्ली धरून ती थांबली. मागे बायका एकमेकींकडे पाहत होत्या. दुसरी गाडी बोलवावी का, असं कुणीतरी हळू म्हणालं. शिवरंजनी पुढे वाकल्या.

“घाटात चालवलीस का कधी, बाई?”

“न्हाई, काकू.”

त्यांनी थोडा विचार केला. मग खाली पाहिलं.

“चपला काढल्यास का?”

“काढल्या.”

“मंग चल. हळू जाऊ.”

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत गेली. मागे डबे उघडले नाहीत, कुणी गाणं म्हटलं नाही. सिताराम अधेमधे सांगत होते. आता सोड. आता नको, आवाज ऐक. ट्रकला जाऊ दे. एका वळणावर त्यांची नजर खाली गेली, तर उजवा पाय गाडीच्या तळाच्या पत्र्यावर जोरानं दाबलेला होता, बोटं वाकून पांढरी पडली होती. जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे. किती वळणांपासून तो असा दाबलेला होता, कोण जाणे. त्यांनी हातानं गुडघा उचलून पाय मागे घेतला. पुढच्या वळणावर तो पुन्हा तिथेच होता.

परभणीत सगळे आपापल्या घराशी उतरले. राजेश्वर उतरताना धम्मशीलाला म्हणाले, “चांगली चालवलीस.” सिताराम यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शिवरंजनींनी मात्र खिडकीवर हात ठेवला. “पुढच्या आईतवारचं कळवते, पोरी,” त्या म्हणाल्या.

घरी सगुणाबाईंनी ट्यूबलाइटखाली तळवे पाहिले. काटा नव्हता, काच नव्हती. उजव्या चवड्याला पत्र्यावरच्या बोल्टचा गोल वण उठला होता, एवढंच. धम्मशीलानं सगळं सांगून टाकलं होतं. सगुणाबाई वणावर तेलाचं बोट फिरवत होत्या.

“किल्ली दिली तवा वाईट वाटलं का तुमाला?” शेवटी त्यांनी विचारलं.

सिताराम ‘बरं हाय’ म्हणाले नाहीत. बायकोचं बोट पायावर फिरताना दिसत होतं. पाय कुठे आहे हे कळायला ते जसे खाली पाहायचे, तसंच उत्तर द्यायच्या आधी त्यांनी खाली वाकून नीट पाहिलं.