मोर्चाचं आभारप्रदर्शन

दिल्लीतल्या मराठी माणसाला मोर्चा काढता येत नाही असं मी म्हटलं, की माझा नवरा चिडतो. तो मुंबईत वाढलेला. त्याच्या लेखी मोर्चा म्हणजे घरचंच कार्य. असेल बाबा तुमच्याकडे. आमच्या लक्ष्मीबाई नगरात सगळेच केंद्र सरकारचे नोकर, आणि सरकारी नोकराने सरकारविरुद्ध घोषणा द्यायच्या नाहीत असा नियम. आम्हाला फक्त गणपती बसवता यायचा. तो मात्र असा बसवायचो की शेजारच्या ब्लॉकमधली पंजाबी आणि बंगाली मंडळीसुद्धा आरतीला टाळ्या वाजवत उभी राहायची.

मी तेव्हा नववीत होते. सकाळी कॉलनीजवळच्या सरकारी शाळेत जायचे. आणि संध्याकाळी त्याच शाळेत, त्याच खोलीत, पुष्कळदा माझ्याच बाकावर माझी आई बसायची. साताऱ्याकडच्या तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे लग्न, मग दिल्ली, मग मी. मोठ्या बायकांना दहावीला बसवण्यासाठी शाळेने संध्याकाळचा वर्ग काढला, फी नाही, पुस्तकं शाळेचीच, तेव्हा आईने आधी नाव घातलं आणि मग बाबांना सांगितलं. तेव्हापासून आमचा कुकर बाबा लावायला लागले. शिट्ट्या होत असताना ते पेपर वाचायचे, त्यामुळे आमच्याकडे भाताऐवजी पेजच व्हायची.

बाकावर कंपासने कोरलेली माझी कला आईला पहिल्याच आठवड्यात दिसली. घरी येऊन तिने जी माझी हजेरी घेतली, तशी कुठल्या बाईंनीही कधी घेतली नाही. पण वर्गातून परत येतानाचा तिचा चेहरा बघायला हवा होता. पोळ्या लाटताना ती इतिहासातल्या सनावळ्या म्हणायची, फोडणी करपली तरी थांबायची नाही. भूमिती मात्र तिच्या गळी उतरत नव्हती, आणि ती उतरवायचं काम माझ्याकडे होतं. ‘अगं, सोपं आहे ते’ असं मी म्हणाले की लाटणं वर यायचं.

आणि एका हिवाळ्यात शाळेच्या फाटकावर सूचना लागली, की पुढच्या सत्रापासून संध्याकाळचा वर्ग बंद. कारण काय, तर शिक्षण खात्याला त्यांचं जुनं सामान ठेवायला ती खोली हवी होती. मोडक्या खुर्च्या हो! मोडक्या खुर्च्यांसाठी शिकणाऱ्या बायकांना बाहेर काढायचं. अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं. आईची परीक्षा एका वर्षावर आली होती, आणि असा दुसरा वर्ग आसपास कुठेही नव्हता. वर्ग गेला की आईची दहावी कायमची गेली, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही.

आईने आधी सनावळ्या म्हणणं सोडलं. आमच्या घरात हे फार वाईट लक्षण. मग तिने तळमजल्यावरच्या मावशींना वर बोलावलं. मावशी नगरकडच्या ख्रिस्ती, आईच्याच वर्गात होत्या, आणि चर्चमध्ये गाऊन गाऊन त्यांचा आवाज असा झाला होता की गणपतीत आरती सुरू करायचा मानही त्यांचाच. दोघी स्वयंपाकघरात बसल्या, चहा झाला, आणि बाहेर आल्या त्या मोर्चा ठरवूनच.

बाबांनी पेपर खाली ठेवला. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि नियमाबाहेर त्यांनी उभ्या आयुष्यात शिंकही दिली नव्हती. सरकारी नोकराची बायको मोर्चात गेली तरी बोलावणं येऊ शकतं, नोकरीवर बालंट आलं तर क्वार्टर जाईल, मग आपण कुठे राहायचं, असं ते बराच वेळ समजावत होते. खोटं नव्हतं ते. पण आई म्हणाली, “घाला तुमच्या त्या नियमांचं लोणचं,” आणि कणीक मळायला लागली.

आता मोर्चा काढायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून गणपती मंडळाच्या चिटणीसकाकांना विचारलं. काका निवृत्त होऊन मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे, त्यांना नियमांची भीती नव्हती आणि कामही नव्हतं. त्यांनी लगेच कागद घेतला आणि वर ‘कार्यक्रम पत्रिका’ असं लिहिलं. ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा सत्कार, मनोगत, आभारप्रदर्शन. आई म्हणाली, काका, हा मोर्चा आहे. काका म्हणाले, म्हणून काय शिस्त सोडायची? आईने हात टेकले. काकांच्या हातात मंडळाची ट्रंक होती, आणि ट्रंकेत सतरंजी, झांजा आणि माइक होता.

आभारप्रदर्शन म्हटलं की ते बाबांचं. दर वर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी बाबा कागद उघडायचे आणि मांडववाल्यापासून माळ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानायचे. एका वर्षी पाऊस न आल्याबद्दल त्यांनी ढगांचेही मानले होते. तोवर निम्मी माणसं चपला शोधत असायची. मोर्चातल्या आभारांसाठीही काकांनी त्यांनाच विचारलं. घरी येऊन त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि झोपेपर्यंत वाचत बसले. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, की घोषणा मी देणार नाही, फलक धरणार नाही, पण आभार मानायला येईन. सरकारचे आभार मानू नयेत असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. “मोर्चात आभार कोणाचे मानणार? माझ्या कर्माचे?” आईने विचारलं. बाबांनी पुस्तक मिटलं आणि कुकर लावायला गेले.

शनिवारी दुपारी आम्ही शिक्षण खात्याच्या कचेरीसमोरच्या हिरवळीवर पोचलो. मस्त ऊन पडलं होतं. काकांनी सतरंजी पसरली, तर बायकांनी चपला काढल्या, पिशव्यांतून अर्धवट स्वेटर काढले आणि विणायला बसल्या. कोणी संत्री सोलली, कोणी शेंगदाणे काढले. पाच मिनिटांत आमच्या मोर्चाची सहल झाली. बंदोबस्ताचा हवालदार काठी आपटत आला आणि कुठल्या पार्टीचे म्हणून विचारायला लागला. मावशींनी ‘लक्ष्मीबाई नगर’ म्हणून सांगितलं आणि त्याच्या ओंजळीत शेंगदाणे घातले. तो तिथेच कडेला टेकला.

मग घोषणा. घोषणा हिंदीत द्यायच्या म्हणून घरी तालीमसुद्धा झाली होती. मावशी उठल्या, पदर खोचला आणि गरजल्या, “शाम की क्लास—” यावर सगळ्यांनी ‘चालू रखो’ म्हणायचं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय. मावशींचा तो आवाज कानावर पडला आणि आख्खी सतरंजी एका दमात ओरडली, “मोरया!”

हवालदाराने हात जोडले.

मावशींनी पुन्हा घोषणा दिली, पुन्हा मोरया. तिसऱ्या खेपेला तर काकांनी झांजाही वाजवल्या. मला हसू आवरेना आणि आईकडे बघवेना. तिने केवढा अभ्यास केला होता त्या दिवसाचा! साहेबापुढे काय बोलायचं ते मुखपाठ करून ती आली होती, आणि इकडे कचेरीच्या खिडक्यांतून कारकून डोकावून आज कुठला सण म्हणून विचारत होते. मला अगदी सगळ्यांना धरून बदडावंसं वाटलं. मग आवाजाने वैतागून मोठे साहेब स्वतःच बाहेर आले. वर्ग बंद करायचा हुकूम ह्यांचाच. काळा कोट, कपाळाला आठ्या, मागे शिपाई.

खरा घोटाळा पुढेच झाला. सतरंजीच्या टोकाला काकांनी एक खुर्ची ठेवली होती, कारण पाहुण्यांच्या खुर्चीशिवाय कार्यक्रम होतो हे त्यांना मान्यच नव्हतं. आल्यापासून ती रिकामी. आता समोर कोट घातलेला माणूस दिसल्यावर काकांचा स्वतःवरचा ताबाच सुटला. ‘आइये आइये’ करत त्यांनी साहेबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, ट्रंकेतून शाल काढली, खांद्यावर घातली आणि हातात नारळ दिला. साहेब रागावून काहीतरी म्हणायला लागले तोच काकांनी मला ढकललं, स्वागतगीत म्हण. मी? ज्या माणसाने आईची शाळा बंद केली, त्याचं स्वागत? पण मंडळात वाढलेली मुलगी मी, माइक समोर आला की गळा आपोआप सुटतो. दोन्ही कडवी म्हटली मेलीने. आईने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी अजून विसरले नाही.

साहेब मात्र विरघळले होते. लोक त्यांना रोज शिव्या देत असणार. शाल बहुतेक पहिल्यांदाच मिळाली. मनोगतासाठी आई उठली. माइक हातात घेतला, साहेबांकडे बघितलं आणि मुखपाठ केलेलं सगळंच्या सगळं विसरली. बायकांच्या सुया थांबल्या. मग ती एवढंच म्हणाली, “साहब, हमको पढ़ना है,” आणि खाली बसली.

कोणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, “देखते हैं।”

दिल्लीत जन्म काढलेल्या माणसाला ‘देखते हैं’चा अर्थ सांगावा लागत नाही. ‘देखते हैं’ म्हणजे नाही. आईने मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा उपटत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, असंच मला वाटलं. साहेब उठायला लागले, तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं.

बाबा होते. हातात घडी घातलेला कागद.

काकांनी लगबगीने माइक दिला. आभारप्रदर्शन झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही. बाबांनी चष्मा लावला. हिंदीत, आपल्या नेहमीच्या रटाळ सुरात, त्यांनी हिरवळीच्या माळ्याचे आभार मानले, हवालदाराचे मानले, उन्हाचे मानले. मी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी साहेबांकडे वळून वाचलं, “और आपने आज सबके सामने यह वचन दिया कि यह क्लास बंद नहीं होगी, इसके लिए हम सब आपके आभारी हैं।”

क्षणभर कोणालाच काही कळेना. मग मावशींनी टाळी वाजवली. त्यांच्यामागे सगळ्या सतरंजीने. हवालदाराने काठी काखेत धरून टाळ्या पिटल्या. खिडक्यांतले कारकून, मागचा शिपाई, सगळेच वाजवायला लागले. साहेबांनी तोंड उघडलं. अंगावर शाल, मांडीवर नारळ, समोर एवढी हसरी तोंडं. त्यांनी तोंड मिटलं. “ठीक है, ठीक है,” असं पुटपुटून ते आत गेले, शालीसकट.

बसमध्ये ट्रंक मांडीवर घेऊन आम्ही परत आलो. जिना चढून दारापाशी आल्यावर आईने विचारलं, “अहो, पण त्यांनी वचन दिलं कधी? मी तर ‘देखते हैं’ ऐकलं.”

“दिलं नव्हतंच,” बाबा म्हणाले. “म्हणून तर आधी आभार मानले. आता ते मोडणार कसे?”

एवढं बोलून ते कुलूप उघडायला लागले, तर किल्ली भोकात जाईना. दोनदा ती खाली पडली. ज्या माणसाला आम्ही घरात भित्रा म्हणून चिडवायचो, त्याने भर दिवसा एका मोठ्या साहेबाच्या तोंडात वचन घातलं होतं, आणि नोकरी आणि क्वार्टर दोन्ही पणाला लावली होती. आईने किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि दार उघडलं. त्या रात्री कुकर तिनेच लावला.

सोमवारी बाबांनी आईकडून साहेबांना आभाराचं पत्रही लिहून घेतलं आणि त्याच्या प्रती साहेबांच्या वरच्या सगळ्यांना माहितीसाठी धाडल्या. सरकारात याला उतारा नाही. सूचना फाटकावरून निघाली ती निघालीच. मोडक्या खुर्च्या शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिल्या, आणि मधल्या सुट्टीत आम्ही त्यांच्यावर बसून डबे खाल्ले. बाबांना कोणी बोलावलं नाही, पण पुढे कित्येक महिने दाराची बेल वाजली की ते दचकायचे.

आई पास झाली. भूमितीत काठावर, पण झाली. मावशीही झाल्या. त्या वर्षी गणपतीत दोघींचा सत्कार ठेवला. जुनी शाल साहेबांकडे राहिलेली, म्हणून मंडळाने दोन नव्या आणल्या. सत्कार झाला, भाषणं झाली, आणि शेवटी बाबा कागद घेऊन उठले. माणसं सवयीने चपला शोधायला लागली. तोच आईने माइक धरला.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “ह्यांनी इतकी वर्षं सगळ्यांचे आभार मानले. ढगांचेसुद्धा. ह्यांचे कोणी मानले नाहीत. मी मानते.”

एरवी असल्या वेळी आरोळी ठोकणाऱ्या मावशीसुद्धा नव्या शालीने डोळे पुसत होत्या. आईने माइक बाबांच्या पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, काढला, कागदाची घडी उघडली, परत घातली. आम्ही सगळे वाट बघत थांबलो, माळी, मांडववाला, वीजवाला, सगळे आपापलं नाव ऐकायला कान देऊन उभे.

त्या वर्षी आभारप्रदर्शन झालंच नाही.