गलीनाच्या घरची भाची

अरुणा, तुझ्यावर लिहिते आहे. चिडायचं असेल तर आधीच चिडून घे. ‘मला कुणाचा हेवा वाटत नाही’ हे तुझं वाक्य माझ्या स्वयंपाकघरात इतक्यांदा ऐकलंय की आता ते कागदावर तपासून बघावं म्हणते. तिऱ्हाइताची गोष्ट म्हणून वाच.

तर अरुणा जर्मनीतल्या एर्लांगेनची. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, नवरा अश्वजित संशोधक, मूलबाळ नाही. २००६ साली नागपूरहून तिच्या धाकट्या भावाची, यादवरावाची, मुलगी क्षमा जर्मनीत शिकायला येणार असं कळल्याबरोबर हिने रिकाम्या खोलीला पडदे शिवले. प्रवेश मिळाला लांबच्या ड्रेस्डेनला. वर बातमी अशी की पहिलं वर्ष पोरगी एका रशियन कुटुंबात राहणार.

“जर्मनीत येऊन रशियन कशाला?” अरुणा फोनवर भावावर कडाडली.

“ताई, विद्यापीठानेच गाठ घालून दिलीय. नवरा ट्राम चालवतो, बाई, गलीना नाव, शाळेच्या कँटीनमध्ये आहेत. साधी माणसं आहेत म्हणे.”

साध्या माणसांनी महिन्याभरात पोरगी खिशात घातली. दर रविवारी फोन. “जयभीम आत्या! गलीनाने बीटचं सूप केलं. गलीना म्हणते ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही. गलीनाने मला लोकरीचे मोजे विणले.” ओल्या केसांचं अरुणाने विमानतळावरच सांगितलं होतं. तेव्हा पोरगी नुसती हसली होती.

“मी पाठवलेले मोजे काय पायपुसणी आहेत?” फोन ठेवून ती अश्वजितवर उखडली.

“अगं, मोजे विणलेत बाईने. सवत नाही आणली तुला.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

डिसेंबरात क्षमाला सुट्टीसाठी घरी आणायला अरुणा स्वतः गेली. पोरगी एकटी सहज आली असती, पण अरुणाला ते घर बघायचं होतं. चकली-चिवड्याचे डबे घेऊन ती पोचली, तर दार क्षमाने उघडलं. अंगात गलीनाचा एप्रन. कुठल्या खणात कुठला चमचा हे पोरीला पाठ, आणि जर्मन बोलायची तेसुद्धा गलीनासारखं ‘र’ घोळवत. अरुणाला पाहुणीसारखी चांगली खुर्ची मिळाली. चांगल्या खुर्चीचा एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

निघताना कोट चढले, बॅग दाराशी आली, आणि गलीना म्हणाली, “बसा.”

प्रवासाआधी घरातल्या सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, अशी त्यांची रीत. ट्रामवाला नवरा स्टुलावर बसला. क्षमा बॅगेवर बसली आणि तिने सरळ गलीनाच्या गुडघ्याला डोकं टेकलं.

“आत्या, बस ना.”

“गाडी चुकेल,” अरुणा म्हणाली आणि उभीच राहिली.

मग क्षमा उठून मराठीत म्हणाली, “येते.”

“ये गं,” गलीना म्हणाली. तेही मराठीत, अगदी आपल्यासारखं. अरुणाच्या कानांची आग झाली.

जिन्यात गलीनाने तिची बाही धरली. “ही तुमच्या त्या पाटवडीच्या रश्श्यासाठी झुरते. मी वाटाण्याच्या पिठाची करून बघितली, नुसता चिखल झाला. जानेवारीत हिला सोडायला याल तेव्हा दाखवाल मला?”

पोरगी झुरत होती, आणि ते आत्याला नाही, हिला सांगितलं!

“गेनाऊ, नक्की,” अरुणा म्हणाली.

सुट्टीत तिने तीनदा पाटवडी केली. भरपूर तेल, झणझणीत रस्सा. क्षमा पुसून पुसून जेवली, पण एकदाही अरुणाने तिला शेगडीजवळ उभं राहू दिलं नाही. “तू अभ्यास कर गं, मी आहे ना.” बघून गेली तर तिकडे जाऊन शिकवेल, हा हिशोब. जानेवारीत ऑफिसचं काम काढून तिने भाचीला न्युरेनबर्गहून ड्रेस्डेनला जाणाऱ्या गाडीत एकटीलाच बसवलं.

पाटवडी दाखवायला कधी येता, असा गलीनाचा निरोप फेब्रुवारीत आला. ईस्टरला पुन्हा आला. “आल्झो, बरं तर, पुढच्या वेळी,” अरुणा दोन्ही वेळा म्हणाली. वर्ष सरलं, क्षमा हॉस्टेलवर गेली. गलीना आणि तिचा नवरा मुलाकडे राहायला उत्तरेला निघून गेले. अरुणा येईल म्हणून आणलेलं बेसनाचं पाकीट बाईने जाईपर्यंत जपून ठेवलं होतं. अरुणा ड्रेस्डेनला गेलीच नाही.