बोट भिंतीला, भार नाही

बातमी आली तेव्हा मी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर टॅक्सीत होते, हॉस्पिटलकडेच निघालेली. नर्सचं बोलणं संपायच्या आत पूल, गाड्या, खालचं तळं, सगळं गरगरायला लागलं. आणि कानात आवाज आला तो नलूचाच, "अक्का, मान हलवू नकोस. लांबचं काहीतरी बघ." जिच्या जाण्यानं चक्कर आली, तिनंच त्यावरचा उपाय सांगून ठेवला होता... लांबवर एक पाण्याची टाकी दिसत होती. मी तिच्याकडे बघत बसले.

नलिनी माझी धाकटी बहीण. माणूस तोल कसा सांभाळतो, गाडी का लागते, अंधारात आपण कुठं आहोत हे अंगाला कसं कळतं, यावर संशोधन करण्यात तिनं आयुष्य घालवलं. आणि मी जन्माची घाबरट. आई म्हणायची, "हिला मांजर आडवं गेलं नाही तरी हिचं काम अडतं." बेळगावहून गोव्याला मामाकडे जाताना घाटात मी पिशवी तोंडाशी धरून बसायची आणि नलू बसभर नजर फिरवायची. "आता त्या काकू," ती कुजबुजायची. काकूंना जांभई आलेली असायची. ओकारीआधी जांभया येतात, हे तिनं शाळेत असतानाच हेरलं होतं. एकदा तिनं बाबांना विचारलं, ड्रायव्हरला गाडी का लागत नाही? "लागली तर आपण सगळे दरीत!" बाबा म्हणाले. तिचं समाधान झालं नाही. कित्येक वर्षांनी तिनं मला उत्तर सांगितलं, "वळण त्याला आधी माहीत असतं गं. अंग तयारीत असतं. लागते ती मागं बसलेल्यांना."

तिच्या प्रयोगशाळेत एक फिरती खुर्ची होती. एकदा तिनं मला डोळ्यांवर पट्टी बांधून तीत बसवलं. थोड्या वेळानं मी म्हटलं, "थांबली, बरं झालं." खुर्ची फिरतच होती. खरोखर थांबवली तेव्हा "उलटी फिरवू नकोस गं!" म्हणून मी किंचाळले. नलू हसून बेजार. मला मात्र पुढं बरेच दिवस धास्ती, की आत्ता मी जागेवर बसले आहे ती खरंच बसले आहे का...

मिस्टर गेल्यावर मी बेळगावचं घर बंद करून राजाजीनगरला तिच्याकडे राहायला आले. मग कानाच्या दुखण्यानं मला चक्कर सुरू झाली. औषधानं चक्कर गेली, भीती गेली नाही. पडेन, कंबर मोडेल, अंथरुणाला खिळेन. दाराबाहेर पाऊल टाकेना. तेव्हा नलूनं रोज सकाळी पॅसेजमध्ये माझी कवायत सुरू केली. गादीच्या तुकड्यावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि एक बोट भिंतीला नुसतं टेकवायचं. भार द्यायचा नाही.

"एवढ्याशा बोटानं मी कशी सावरणार?"

"बोट सावरत नाही, अक्का. तू कुठं आहेस ते अंगाला सांगतं. सावरतं अंगच."

मला एकटीला भीती वाटते म्हणून तीही शेजारी बोट टेकवून उभी राहायची. हळूहळू मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत एकटी जायला लागले. त्याच सुमारास तिनं गाडी चालवणं सोडलं, ट्रॅफिकचा वैताग आला म्हणाली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. सगळ्या जगाला घाबरणारी मी, पण नेमकी यालाच घाबरले नाही. मग एकदा आंघोळीहून येताना ती पडली आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतच गाठ असल्याचं कळलं. त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत.

घराला रंग द्यायचं तिनंच आजारपणाआधी ठरवून ठेवलं होतं. परवा रंगारी मंजुनाथ आला आणि पॅसेजमध्ये थबकला. "अक्का, इल्लि स्वल्प जास्ती उज्जबेकु." इथं जरा जास्त घासावं लागेल. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन डाग होते. वरचा माझा, फिकट. त्याच्या खालचा नलूच्या उंचीचा, चांगला काळपट, आणि तो तिथंच थांबला नव्हता. बोटाची रेघ भिंतीवरून सरळ बाथरूमच्या दारापर्यंत गेली होती... म्हणजे मी झोपेतून उठायच्या आधी, मी स्वयंपाकघरात असताना, ती या भिंतीला धरूनच घरात वावरत होती. वळण तिला आधी कळलं होतं, आणि तरी ती रोज सकाळी मलाच उभं राहायला शिकवत होती. मला फार राग आला तिचा. मग रडू आलं.

"बेडा, हागे इरली," मी मंजुनाथला म्हटलं. नको, राहू दे तसंच.

"सरी अक्का," तो म्हणाला आणि वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत पुढच्या खोलीत गेला.

आज सकाळी गादीचा तुकडा पुन्हा काढला. त्यावर उभी राहिले. बोट माझ्या डागावर नाही, तिच्या डागावर टेकवलं. त्यासाठी हात थोडा खाली न्यावा लागला. डोळे मिटले. शेजारी कुणी नव्हतं, अंग पुढं-मागं झुलत होतं.

भार मात्र दिला नाही.